शंकरपाळीची गुंडी

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी टेबलापाशी बसलो होतो. समोर जुन्या बनियनचा फडका, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणि भूपालच्या रायफलीची गुंडी असं सगळं मांडून ठेवलेलं होतं. आत कुकरमध्ये डाळ शिजत होती, कांदा-लसूण न घालता करायची, कारण भूपाल यायची वेळ झाली होती आणि त्याच्या जैन पोटाला ते चालत नव्हतं. फोनवर त्याचा मुलगा सन्मती होता. "काका, बाबा गेले," तो म्हणाला. "मळ्यात मोटर चालू करायला गेलते. पेटीपाशीच खाली बसले... डॉक्टर म्हणतात हार्टचं." मी त्याला म्हणालो, "अरे, पण आज ते माझ्याकडं यायचेत." मी गॅस बंद केला, परत येऊन टेबलापाशी बसलो, गुंडीला तेल लावलं, ती नीट पुसली, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि मगच चपला घालून गडमुडशिंगीला निघालो. मित्र गेल्याची बातमी आल्यावर माणूस आधी असलं काम करतो, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

याला आता दोन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं म्हणतात, मास्तर, तुम्ही लिहिता, तर भूपालअण्णांवर चार ओळी लिहा. मी बसलोही दोन-तीनदा. पण गेलेल्या माणसावर लिहायचं तर तो माणूस आपल्याला ठाऊक असावा लागतो, आणि माझं नेमकं तिथंच अडलंय. कॉलेजपासून ज्याच्याशी भांडत आलो, त्याच्याबद्दलची एक साधी गोष्ट मला सांगता येत नाही. गेली बारा-तेरा वर्षं मी भूपालला सांभाळत होतो, की भूपाल मला? हसू येईल, पण खरोखरच हा प्रश्न घेऊन मी घरात फेऱ्या मारतोय. आणि त्याचं उत्तर एका लोखंडी गुंडीत आहे, किंवा तिच्यातही नाही.

गुंडी म्हणजे काय ते आधी सांगतो. शिकारीच्या जुन्या रायफलीला उजव्या बाजूला एक आखूड दांडी असते. ती उचलून मागं ओढली की झाडलेल्या गोळीचं टरफल बाहेर पडतं, पुढं ढकलून खाली दाबली की नवी गोळी आत जाते. या सगळ्या भागाला बोल्ट म्हणतात. तो अख्खा बाहेर काढता येतो, आणि काढला की मागं उरते ती नुसती नळी आणि लाकूड. दांडीच्या टोकाला धरायला सुपारीहून जरा मोठा गोळा असतो, ती गुंडी. पण आम्ही दोघं अख्ख्या बोल्टलाच गुंडी म्हणायचो. काही रायफलींची गुंडी गुळगुळीत असते. काहींच्या गुंडीवर कानशीनं तिरप्या रेघा कोरून बारीक चौकड्या पाडलेल्या असतात, म्हणजे बोटं निसटत नाहीत. भूपालच्या रायफलीची तशी होती. तो तिला खवल्यांची गुंडी म्हणायचा. मी त्या चौकड्यांवरून तिला शंकरपाळी म्हणायचो, आणि त्याचा पारा चढायचा.

आमची ओळख कॉलेजातल्या एनसीसीची. तो गडमुडशिंगीच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, मी मंगळवार पेठेतल्या बौद्ध घरातला, वडील गिरणीत कामाला. अहिंसेच्या दोन घरांतली दोन पोरं पालथी पडून थ्री नॉट थ्रीनं ठोठो गोळ्या झाडतात, याची आमचे सुभेदारसाहेब फार चेष्टा करायचे. माझा हात त्या सरकारी रायफलीवर बसला आणि तिची गुंडी गुळगुळीत होती. भूपालच्या घरात मात्र वडिलांनी शिकारीच्या जमान्यात कुणाकडून तरी घेतलेली रायफल होती, शेतीच्या राखणीच्या परवान्यावर. वडिलांनी तिच्यानं काही मारलं की नाही ते देव जाणे. भूपालनं तर उंदीरही मारला नाही. उसात रानडुकरं शिरली की तो बांधावर उभा राहून हवेत एक बार काढायचा आणि डुकरांपेक्षा स्वतःच जास्त दचकायचा. एरवी ती रायफल वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कोयता आणि पंपाच्या स्टार्टरच्या शेजारी पाटावर बसायची.

आणि या न मारणाऱ्या रायफलीच्या गुंडीवरून आम्ही उभं आयुष्य भांडलो. त्याचं म्हणणं, पहाटे दवात हात ओला असतो, तेलाचा असतो, घामाचा असतो. खवल्यांची गुंडी हाताला सोडत नाही. माझं म्हणणं, गुंडी चिमटीत धरायचीच नसते. ती तळव्यानं उचलायची, तळव्यात फिरली पाहिजे. तुझी शंकरपाळी कातडं सोलते, शालीत अडकते, चौकड्यांत मळ बसतो. तो म्हणायचा, "तू खडू धरणारा माणूस, तुला गुळगुळीतच लागणार." मी म्हणायचो, "तू खुरपं धरणारा, तुला काय कळतंय नाजूक." हा वाद माझ्या लग्नात झाला, त्याच्या लग्नात झाला, सन्मतीच्या बारशाला पाळण्याशेजारी झाला. एकदा मैदानावर एका पोक्त गृहस्थानं समजूत घातली, की वरून गुळगुळीत आणि खालून कोरलेली अशीही गुंडी असते, मग भांडता कशाला? त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होतो. त्या बिचाऱ्याला आम्ही पळताभुई थोडी केली. भूपाल हार मानणाऱ्यांतला माणूस नव्हता, हे मला इथं नीट सांगून ठेवायचंय. आज सोमवार आहे असं म्हणून चुकला, तर कॅलेंडरच चुकलंय म्हणायचा.

मग सुमन गेली. माझी बायको. आजार लांबला नाही, त्यामुळं मनाची तयारी वगैरे काही झाली नाही. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. मुलगी पुण्याला, तिच्या संसारात. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगली आणि घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ उरलो. जेवण सुटलं. कुणी दार वाजवलं तर मी उघडत नसे. दुपारी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसायचो, रोज. मनात काय चालायचं ते लिहीत नाही, पण ते चांगलं नव्हतं आणि ते मी कुणालाही बोललो नव्हतो. एके दिवशी भूपाल शेजारी येऊन बसला. त्याला कुणी सांगितलं, माहीत नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "चल, गाडीवर बस," आणि मला घरी सोडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. काखेत फडक्याचं गाठोडं. चेहरा असा काही उतरलेला की मीच म्हणालो, अरे, काय झालं? खुर्चीवर न बसता त्यानं उभ्यानंच सांगितलं. "मास्तर, माझं एक काम कर. घरात रायफल हाय आणि माझं डोकं ठिकाणावर न्हाय. का म्हणून इचारू नको. ही गुंडी तुझ्याकडं ठेव. मी मागितली तरी द्यायची न्हाय. दर रविवारी मी येणार, तवा मला दाखवायची, तेल लावून पुसलेली पायजे. आणि तू कुठं जायचं न्हाय. तू हितं हायस एवढं मला ठाऊक असलं की बास." मी फडकं सोडलं. आत गुळगुळीत गुंडी होती.

"ही... ही तर शंकरपाळीची होती की," मी म्हणालो.

"घासून घेतली," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तुझंच खरं. खवल्यांची हाताला टोचती."

आता सांगतो, तेव्हा मला काय वाटलं. पहिल्यांदा भीती वाटली, कारण भूपालसारखा माणूस हार मानतो म्हणजे त्याचं खरंच काहीतरी भयंकर बिनसलंय. आणि लगेच, त्या भीतीच्या पोटातच, आनंद झाला. मी जिंकलो होतो. सुमन गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडावर हसू आलं असेल तर ते तेव्हा, आणि मला त्याची लाजही वाटली. पण त्या दोन्ही भावनांच्या गर्दीत मी ती गुंडी नीट बघितली का? एनसीसीत बोल्ट उघडून जोडायला शिकलेला माणूस मी. बघितली असती तर कळलं असतं. कदाचित मला बघायचंच नव्हतं. आज तेही सांगता येत नाही.

रविवार सुरू झाले. भूपाल दहाच्या सुमारास यायचा. गुंडी हातात घेऊन खिडकीशी उजेडात फिरवून बघायचा आणि "बरी ठेवलीस" म्हणून परत द्यायचा. मग म्हणायचा, भूक लागलीय. घरात बाईमाणूस नाही, मला चहाशिवाय काही येत नाही, हे त्याला दिसत नव्हतं का? पण तो बसून राहायचा. पहिल्या रविवारी मी त्याला कच्चा भात वाढला. त्यानं तो खाल्ला आणि "पुढच्या टायमाला पाणी जास्त घाल" म्हणाला. बाजारात जाऊन कांदा-लसूण टाळून काय करता येतं ते मी भाजीवालीला विचारू लागलो. रोज दिवस मावळायच्या आधी, त्याच्या जेवणाच्या वेळेला, त्याला फोन करायचा नेम ठेवला. जेवलास का, झोप लागते का, सन्मतीशी भांडला नाहीस ना... आवाजावरून त्याच्या मनाचा अंदाज घ्यायचो. मुलीनं पुण्याला ये म्हणून हट्ट धरला तेव्हा मी म्हणालो, मला इथं काम आहे. कसलं काम ते सांगता येईना, तेव्हा ती रागावली. पण मला खरंच काम होतं. माझ्या कपाटात एका माणसाचा जीव होता. घाटावर जाणं कधी सुटलं, ते माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

तो हरल्याचं मात्र मी गावभर केलं. जुन्या एनसीसीवाल्यांच्या स्नेहमेळाव्यात माईकवरून सांगितलं, की शंकरपाळी घासली बरं का. सगळे हसले. भूपाल मान खाली घालून पेढा खात बसला होता. परत कधी मी विषय काढला तर म्हणायचा, "हरलो की एकदा. किती येळा हरू?" आणि मी अजून एकदा जिंकल्याच्या थाटात त्याला चहा पाजायचो.

हे सगळं असं होतं. निदान मला असं ठाऊक होतं.

रक्षाविसर्जन होऊन काही दिवस गेले आणि सन्मतीचा फोन आला. परवाना बाबांच्या नावावरचा, तेव्हा रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची, तुम्हाला त्यातलं कळतं, याल का? मी गुंडी फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि गेलो. वाटेत वहिनींना कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. तुमचा नवरा इतकी वर्षं स्वतःच्या रायफलीला भ्यायचा, हे बायकोला त्याच्या माघारी सांगावं का? पद्मावहिनी सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. सन्मतीनं कपाटातून रायफल आणून माझ्यासमोर चटईवर ठेवली. तिच्यात बोल्ट होता. गुंडीला बोट लावलं. शंकरपाळी.

पहिल्यांदा वाटलं, माझं वय झालं. मग वाटलं, यानं दुसरा बोल्ट करून घेतला आणि मला सांगितलं नाही. म्हणजे मी ज्या भरवशावर झोपत होतो तो भरवसाच खोटा? मी गुंडी कुलपात ठेवून निर्धास्त, आणि इकडं याच्या कपाटात अख्खी रायफल. कधी मनात आलं असतं तर? मला भूपालचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाचा राग आला तर तो न्यायचा कुठं? मी पिशवीतून माझी गुंडी काढली आणि दोघांना सगळं सांगून टाकलं, होतं तसं. वहिनींना आधी कळेचना.

"त्यांचं डोकं ठिकाणावर न्हवतं म्हणता?" त्या म्हणाल्या. "कुणाचं, ह्यांचं? पाठ टेकली की घोरायचे, भावजी."

"पण ही गुंडी..."

"ती कायम हाय तशीच हाय. दर खंडेनवमीला मीच हळदकुंकू लावतो न्हवं का. त्या रेघांत कुंकू बसतंय, निघता निघत न्हाय. बघा की."

मी चष्मा लावून बघितलं. चौकड्यांच्या खोबणीत लाली होती. तळाशी काळपट, जुनी, वर जरा ताजी. वर्षानुवर्षांचं कुंकू. म्हणजे ही गुंडी या घरातून कधी हललीच नव्हती. सन्मतीनं तिचा बोल्ट बाहेर काढला आणि माझा घालून बघितला. जाईना. दुसऱ्याच कुठल्या तरी रायफलीचा होता. मी बारा-तेरा वर्षं कुणाचा जीव कपाटात ठेवला होता, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "सुमनताई गेल्या तवा मातूर दोन दिवस जेवले न्हवते. म्हणायचे, मास्तराचं काय खरं न्हाय."

मला ते ऐकून समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझा सगळा अभिमान त्या गुंडीवर उभा होता. सुमन गेल्यावरही मी कोलमडलो नाही, कारण दुसऱ्या कुणाला माझी गरज होती, अशी माझी माझ्याबद्दलची समजूत. ती काढून घेतली तर उरतो तो एक म्हातारा, ज्याला मित्रानं खेळणं देऊन गप्प बसवलं. दोन दिवस मी त्याच्यावर रुसून बसलो. मेलेल्या माणसावर. तिसऱ्या दिवशी उठून बंदुकीच्या दुकानात गेलो.

गावातल्या एका जुन्या बोळात रसूलभाईंचं दुकान आहे. भूपाल रायफल साफ करायला तिथंच द्यायचा. मी कधी आत गेलो नव्हतो. मी फडकं सोडून गुंडी काउंटरवर ठेवली तशी रसूलभाईंनी ती उचलली आणि म्हणाले, "आली काय परत." त्यांच्या मागं भिंतीवर एक फळी होती, तिला दोन आकडे. एका आकड्याला खवल्यांच्या गुंडीचा बोल्ट लटकत होता. दुसरा आकडा रिकामा. "गिऱ्हाइकाला हात लावून बघाय ठेवलेलं नमुनं हायती हे," ते म्हणाले. "खवल्यांची पायजे का गुळगुळीत, धरून बघायचं आन् सांगायचं. गोळी उडवायची आतली पिन कवाच काढलीया. लोखंडाचा तुकडा नुसता."

मी विचारलं, भूपालनं नेली तेव्हा काय म्हणाला?

"लई येळ बसलते. एकदा ही धरायची, एकदा ती. म्हटलं, अण्णा, तुमची खवल्यांची, तुमी गुळगुळीत काय बघाय लागलाय? तर म्हणाले, मला न्हवं. मास्तराच्या हाताला गुळगुळीत बरी वाटती, आणि रोज धरायची हाय त्याला." रसूलभाईंनी गुंडी तळव्यात फिरवली. "आठ दिसांत आणून देतो म्हणाले. कशाचं काय. जवा जवा आले तवा मी इचारायचो, अण्णा, माझी गुंडी? म्हणायचे, अजून लागती."

त्यांनी स्टूल सरकवलं, मी बसलो. भूपाल त्या काउंटरशी उभा राहून दोन्ही गुंड्या आळीपाळीनं धरून बघतोय, हे मला दिसायला लागलं. माझ्या हाताचा विचार करत. आयुष्यभर ज्या मताला त्यानं नावं ठेवली ते त्यानं उचललं, खिशात घातलं आणि जमिनीकडं बघून मला म्हणाला, तुझंच खरं. आणि मी माईक हातात घेऊन... असो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. निदान एक उत्तर मिळालं असतं, की त्यानं मला सांभाळलं. पण मी उठून निघालो तेव्हा रसूलभाई म्हणाले, "गेल्या दिवाळीच्या आधी आलते. मी आपली सवयीनं चेष्टा केली, अण्णा, लागती का अजून? तर हसले न्हाईत. म्हणाले, मास्तराला आता लागत न्हाय, रसूल. आता मला लागती."

"म्हणजे काय?"

"मी काय इचारलं न्हाय. मोठ्या माणसाला असलं इचारत्यात व्हय?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच एक वाक्य आहे. आता मला लागती. काय लागती? गेल्या वर्षभरातले रविवार मी एकेक करून आठवायला बसतो. तो जरा उशिरा यायला लागला होता. गुंडी उजेडात धरून बघणं सोडलं होतं. नुसती मुठीत घेऊन अंगठ्यानं घासत बसायचा. आधी जेवण झालं की मळ्यात काम आहे म्हणून उठायचा, तो आता माझ्या कॉटवर आडवा व्हायचा आणि चहापर्यंत पडून राहायचा. मी चेष्टा करायचो, घरात कॉट नाही का रे तुझ्या? तो म्हणायचा, "हितं बरं वाटतंय." मी म्हणायचो, वय झालं. संध्याकाळचा फोनही मी एक दिवसाआड करायला लागलो होतो, कारण मला वाटलं, भूपाल आता ठीक आहे. त्याला आतून काही कळलं होतं का, छातीत काही होत होतं का, की मनाला काही लागलं होतं? वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गुडघं दुखायचं की." की हे काहीच नव्हतं, आणि एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याकडं जाऊन पडायला निमित्त लागत होतं, एवढंच? खेळणं म्हणून आणलेली गुंडी शेवटी त्याच्यासाठी खरी झाली होती का? मी जेव्हा राखत होतो तेव्हा राखायला काही नव्हतं, आणि जेव्हा खरंच राखायला हवं होतं तेव्हा मी ढिला पडलो होतो, असं तर नाही? मला माहीत नाही. हे वाक्य लिहिताना मला त्याची आठवण येत नाही, त्याच्याशी कडाकडा भांडावंसं वाटतं.

रसूलभाईंना म्हणालो होतो, तुमचा माल तुम्ही ठेवा. त्यांनी गुंडी परत माझ्याकडं सरकवली. "न्यायची तर न्या. गुंड्या बघाय येणारं गिऱ्हाईक तरी कुठं राहिलंय आता." म्हणून ती माझ्या पिशवीतच राहिली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी सवयीनं टेबल मांडलं, फडका, तेल, आणि डाळ शिजत घातली. दहा वाजले. मग मी गॅस बंद केला, सगळं पिशवीत भरलं, डाळीचा डबासुद्धा, आणि गडमुडशिंगीची बस धरली.

रायफल पोलीस ठाण्यात गेली होती. सन्मती आणि सून मळ्यात होते. वहिनी एकट्याच सोप्यात, समोर निवडायचे तांदूळ, पण हात चालत नव्हता. मी त्यांना दुकानातलं सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. त्या ऐकत राहिल्या. डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. मग हात पुढं करून म्हणाल्या, "बघू."

मी गुंडी त्यांच्या हातात दिली.

"ही मी ठेवून घेतो हितं," त्या म्हणाल्या. "पण तेलाबिलाचं मला काय जमायचं न्हाय, भावजी. रविवारचं येऊन तुमीच पुसत जावा."

हे त्या माझ्यासाठी म्हणाल्या की स्वतःसाठी, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. आजवर ते मला कुणाच्याच चेहऱ्यावर वाचता आलेलं नाही. मी बरं म्हणालो. त्यांनी गुंडी चिमटीत धरली, उचलून बघितली, आणि ती सुटून सुपातल्या तांदळांत पडली.

"निसटती की हो ही," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणायचे ते बरोबर होतं. खवल्यांचीच बरी."

"तुम्ही बोटांनी धरताय," मी म्हणालो. "तळव्यात घ्यायची असते."

त्यांनी तळव्यात घेतली. मूठ मिटली. बराच वेळ ती तशीच मिटलेली होती.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "खवल्यांचीच बरी."

मी पिशवीतून फडका आणि तेलाची बाटली काढली, चटईवर मांडी ठोकून बसलो, आणि गुळगुळीत गुंडी का चांगली ते त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.